पक्ष्माभिका आणि पेशीविभाजन : एका उपेक्षित तंतूचा इतिहास

एकत्र कुटुंबांत वांटणीचा प्रसंग आला म्हणजे घराचे नित्याचे व्यवहार कांहीं काळ थांबतात. देवडीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चाहूल घेणारा जुना माणूस त्या दिवशीं आंत बोलावला जातो. कारण दोन्हीं बाजूंस समान वांटा पडला कीं नाहीं हें पाहण्यास त्याच्याइतका जाणता दुसरा नसतो. वांटणी पुरी होईपर्यंत देवडी ओस पडते, आणि ती झाल्यावर दोन नव्या घरांना दोन नव्या देवड्या होतात. मनुष्याच्या शरीरांत ज्या असंख्य पेशी आहेत, त्यांपैकीं पुष्कळ पेशींच्या घरीं हाच प्रकार घडत असतो. पेशीच्या पृष्ठभागावर केसासारखा एकच सूक्ष्म तंतु उभा असतो व बाहेरची वार्ता तो आंत पोंचवितो. विभाजनाची वेळ आली म्हणजे हा तंतु आवरून घेतला जातो, त्याच्या मुळाशीं असलेला कण आंत जाऊन विभाजनाच्या कामीं लागतो, आणि एकीच्या दोन पेशी झाल्यावर प्रत्येकीवर नवा तंतु उगवतो.

ह्या तंतूला प्राथमिक पक्ष्माभिका असें नांव आहे. श्रोत्यांपैकीं फारच थोड्यांनीं तें ऐकलें असेल. आणि त्यांत नवल नाहीं, कारण जीवशास्त्राच्या पंडितांनींहि त्याची विशेष दखल घेतली नव्हती. सस्तन प्राण्यांच्या पेशींवर हा तंतु असतो हें १८९८ सालीं छापून प्रसिद्ध झालें होतें. तो ज्ञानेंद्रियासारखा असावा हा तर्कहि त्याच वेळीं पुढें आला होता. तरी त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षें विद्वानांनीं त्याजकडे पाहून न पाहिल्यासारखें केलें. ह्या उपेक्षेचें फळ केवळ ग्रंथांतील एक रिकामें पान एवढेंच नव्हतें. लक्षावधि माणसांना पीडणाऱ्या मूत्रपिंडाच्या एका आनुवंशिक रोगाचें मर्म ह्या तंतूपाशीं दडलेलें होतें, आणि तें सांपडण्यास एकविसावें शतक उजाडावें लागलें.

पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. पाश्चात्य भाषांतील सिलियम ह्या लॅटिन शब्दाचा संबंधहि पापणीशींच आहे. डेन्मार्कचे निसर्गशास्त्रज्ञ ओटो फ्रीडरिश म्यूलर यांचा सूक्ष्म जीवांवरील ग्रंथ १७८६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि तेथून हा शब्द रूढ झाला असें मानतात. वस्तु मात्र त्याहून जुनी. हॉलंडमधील डेल्फ्ट गांवचे कापडाचे व्यापारी लेव्हेनहूक यांनीं सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याचे थेंब तपासले, तेव्हां त्यांतील जीव अंगावरचे बारीक बारीक पाय हालवीत पळतांना त्यांना दिसले. ते पाय म्हणजेच पक्ष्माभिका. पुढें १८३४ च्या सुमारास ब्रेस्लाऊ येथें पुर्किनये व त्यांचे शिष्य व्हॅलेंटिन यांनीं सस्तन प्राण्यांच्या शरीरांतहि अशाच हालणाऱ्या पक्ष्माभिका दाखविल्या. श्वासनलिकेंत त्या शेंकड्यांनीं एकत्र हेलकावतात, जणूं वाऱ्यावर डोलणारें भाताचें शेत, आणि कफ वर लोटतात. हालतो म्हणून जिवंत, आणि जिवंत म्हणून उपयोगी, असा साधा हिशेब त्या काळच्या अभ्यासकांच्या मनांत बसला. न हालणाऱ्या तंतूच्या वाट्याला पुढें जी अवहेलना आली तिचें एक मूळ ह्या हिशेबांत आहे.

आतां कथेचा दुसरा प्रवाह पाहिला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रत्येक पेशी आधींच्या पेशीपासूनच जन्मते हें तत्त्व मान्य झालें होतें. परंतु ती जन्मते कशी, हें कोणीं नीट पाहिलें नव्हतें. जर्मनींतील कील येथील वाल्थर फ्लेमिंग यांनीं नव्यानें निघालेल्या कृत्रिम रंगांचा उपयोग करून सॅलमँडर ह्या प्राण्याच्या पिलांच्या पेशी रंगविल्या. केंद्रकांतील द्रव्य धाग्यांचें रूप घेतें, ते धागे उभे चिरले जातात आणि त्यांचे दोन सारखे वांटे दोन दिशांना ओढले जातात, हें सर्व त्यांनीं क्रमानें मांडलें. त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १८८२ सालीं निघाला. हे धागे म्हणजेच आज ज्यांना गुणसूत्रें म्हणतात तीं.

धागे ओढले जातात खरे, पण ओढतो कोण? विभाजनाच्या वेळीं पेशींत चातीच्या आकाराची एक तंतुमय आकृति दिसते. तिला तर्कु म्हणतात. तर्कूच्या दोन्हीं टोकांशीं एकेक ठिपका असतो. बेल्जमचे एदुआर व्हान बेनेदेन आणि जर्मनीचे थिओडोर बोव्हेरी ह्या दोघांनीं घोड्याच्या आंतड्यांत राहणाऱ्या जंताच्या अंड्यांत हा ठिपका बारकाईनें अभ्यासिला. १८८७ च्या सुमारास दोघेहि स्वतंत्रपणें एकाच निर्णयास आले कीं, हा ठिपका विभाजनापुरता उत्पन्न होऊन लोपत नाहीं. तो पेशीचा कायमचा अवयव असून विभाजनापूर्वीं त्याचे दोन होतात व पिढ्यान् पिढ्या तो पुढें दिला जातो. बोव्हेरी यांनीं त्याला १८८८ सालीं सेंट्रोसोम हें नांव दिलें. मराठींत त्याला तारककाय म्हणतां येईल. त्याच्या गाभ्यांत असलेले अतिसूक्ष्म कण म्हणजे तारककेंद्रें. तारककाय हें पेशीविभाजनाचें खास इंद्रिय होय, असें बोव्हेरी यांचें मत होतें. आणि त्यांच्या अधिकारामुळें तें दीर्घकाळ प्रमाण मानलें गेलें.

हे दोन प्रवाह १८९८ सालीं एकमेकांस मिळाले. त्या वर्षीं कार्ल विल्हेल्म झिमरमान यांनीं मनुष्याच्या व इतर सस्तन प्राण्यांच्या ग्रंथि व अस्तरपेशी यांविषयीं एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशींवर त्यांना एकेक तंतु आढळला. तो नलिकेच्या पोकळींत डोकावत होता, आणि त्याचें मूळ पेशीच्या तारककेंद्रांशीं जोडलेलें होतें. मध्यवर्ती कशाभिका अशा अर्थाचें जर्मन नांव त्यांनीं त्याला दिलें. नलिकेंत पुरेसें पाणी वाहवील इतकें बळ त्या एकट्या तंतूंत असणें शक्य नव्हतें. तेव्हां त्याचें काम कांहीं तरी जाणून घेण्याचें असावें, असा तर्क झिमरमान यांनीं केला.

त्याच वर्षीं फ्रान्सचे एनेगी व हंगेरीचे लेनहोशेक यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें आणखी एक विधान केलें. प्रत्येक पक्ष्माभिकेच्या बुडाशीं एक कण असतो. ह्या दोघांच्या मतें तो मूलकण आणि विभाजनाच्या वेळीं तर्कूच्या टोकाशीं बसणारें तारककेंद्र ह्या दोन निराळ्या वस्तु नसून एकच वस्तु होय. नेमणूक बदलली कीं काम बदलतें. एनेगी यांच्या हातीं एक विलक्षण पुरावा होता. पतंगवर्गांतील कीटकांच्या शुक्रजनक पेशींत विभाजन चालू असतांनाच तारककेंद्रांतून तंतु बाहेर निघालेले दिसत होते. एकच कण एका अंगानें तर्कूचें टोंक सांभाळीत होता आणि दुसऱ्या अंगानें तंतु धरून होता. इतर बहुतेक प्राणिपेशींत हीं दोन कामें एका वेळीं होत नाहींत. म्हणून ह्या अपवादानें नियम उलगडण्यास मोठें साहाय्य केलें.

वनस्पतींच्या अभ्यासानेंहि ह्या मताला बळकटी आली. १८९६ सालीं जपानमध्यें हिरासे यांनीं गिंको वृक्षाच्या पोहणाऱ्या शुक्रपेशी शोधून काढल्या, आणि त्याच वर्षीं इकेनो यांना सायकस वृक्षांत तसाच प्रकार आढळला. शेवाळें, नेचे, सायकस, गिंको ह्या वनस्पतींच्या शुक्रपेशींना पोहण्यासाठीं कशाभिका असतात, आणि त्या पेशी घडतांनाच तेवढ्यापुरतीं तारककेंद्रें उत्पन्न होतात. आंबा, वड, गहूं ह्यांसारख्या सपुष्प वनस्पतींत पोहणारी पेशी नाहीं, आणि तारककेंद्रहि नाहीं. तरी त्यांच्या पेशींचें विभाजन बिनबोभाट चालतें. म्हणजे तारककेंद्रावांचून विभाजन होऊं शकतें, पण पक्ष्माभिका होऊं शकत नाहीं. बोव्हेरी यांच्या सिद्धान्तापुढें हा प्रश्न तेव्हांपासूनच उभा होता. त्याचें उत्तर देण्यास मात्र आणखी शंभर वर्षें गेलीं.

इतकें सर्व १९०० च्या आंत हातीं आलें असतां पुढें काम कां थांबलें? एक कारण साधनांचें होतें. प्राथमिक पक्ष्माभिकेची लांबी सामान्यतः एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून शंभराव्या भागापर्यंत असते. परंतु तिची जाडी हजाराव्या भागाच्याहि चौथ्या हिश्शाच्या घरांत असते. साध्या प्रकाशानें ज्याहून लहान वस्तु स्पष्ट दिसत नाहीं, त्या सीमेवरच ती उभी आहे. दुसरें कारण वृत्तीचें होतें. तंतु हालत नाहीं, एकटाच आहे, आणि काय करतो हें दाखवितां येत नाहीं. तेव्हां तो मनुष्यदेहांतील आंत्रपुच्छासारखा पूर्वजांचा निरुपयोगी अवशेष असला पाहिजे, हा समज हळूहळू पक्का झाला. एकदां अवशेष म्हटलें कीं त्याजविषयीं प्रश्न विचारण्याचें कोणाला कारण उरत नाहीं.

विसाव्या शतकाच्या मध्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि साधनांची अडचण दूर झाली. १९५२ सालीं लीड्स येथील आयरीन मँटन व त्यांचे सहकारी क्लार्क यांनीं एका शेवाळाच्या शुक्रपेशीच्या कशाभिकेची रचना दाखविली, आणि १९५४ सालीं फॉसेट व पोर्टर यांनीं प्राण्यांच्या पक्ष्माभिकांचे सूक्ष्म छेद तपासले. हालणाऱ्या तंतूच्या आंत कडेनें नऊ जोड्या व मध्यें दोन, अशा सूक्ष्मनलिका असतात हें ठरलें. १९५६ सालीं द हार्व्हन व बर्नहार्ड यांनीं तारककेंद्राचें चित्र प्रसिद्ध केलें. तोहि एक नळकांडें निघाला, आणि त्याच्या भिंतींतहि नऊच घटक होते. मूलकण व तारककेंद्र एकच, हें १८९८ सालचें अनुमान आतां डोळ्यांनीं पडताळतां आलें. प्राथमिक पक्ष्माभिकेंत मात्र कडेच्या नऊ जोड्या असून मधली जोडी नसते. ती न हालण्याचें एक कारण हें आहे.

१९६१ सालीं बार्न्स यांना उंदराच्या पीयूष ग्रंथींत, आणि १९६२ सालीं सर्गेई सोरोकिन यांना तंतुजनक पेशींत व अनैच्छिक स्नायूंच्या पेशींत असे एकेकटे तंतु सांपडले. सोरोकिन यांनीं ते उगवतात कसे हेंहि पाहिलें. पेशींत तारककेंद्रांची जोडी असते. त्यांपैकीं एकाच्या टोकाला एक लहान पिशवी येऊन चिकटते. तिच्या आंत तंतु वाढूं लागतो आणि शेवटीं ती पिशवी पेशीच्या आवरणाशीं एकरूप होऊन तंतु बाहेर पडतो. १९६८ सालीं उंदराच्या गर्भाच्या फुप्फुसांचा अभ्यास करतांना त्यांना दिसलें कीं, हालणाऱ्या पुष्कळ पक्ष्माभिका येण्यापूर्वीं पेशीवर असा एकच तंतु येतो. आधीं येतो म्हणून त्यांनीं त्याला प्राथमिक म्हटलें. तेंच नांव पुढें टिकलें.

ह्यानंतरच्या काळांत स्कॉटलंडमधील अबर्डीन येथील डेनिस व्हीटली यांनीं हा तंतु जणूं पदरीं घेतला. प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशींवर तो सर्रास आढळतो हें त्यांनीं व आर्चर यांनीं १९७१ सालीं मांडलें, आणि पुढें अनेक वर्षें, इतरांना त्यांत रस नसतांना, ते त्याजविषयीं लिहीत राहिले. इतक्या जातींच्या पेशींनीं इतक्या निष्ठेनें जपलेली वस्तु निरुपयोगी कशी असेल, हा त्यांचा रोख होता.

पेशीविभाजनाशीं ह्या तंतूचा संबंध प्रयोगानें दाखविण्याचें श्रेय १९७९ सालच्या दोन निबंधांना आहे. रॉबर्ट टकर, आर्थर पार्डी व केइगी फुजिवारा यांनीं उंदराच्या पेशी काचपात्रांत वाढविल्या व त्यांचें पोषण तोडलें. वाढीला लागणारा रक्तद्रव मिळेनासा झाला कीं पेशी विभाजन थांबवून स्वस्थ बसतात. अशा स्वस्थ पेशींवर पक्ष्माभिका उभ्या होत्या. मग रक्तद्रव पुन्हां घालतांच एकदोन तासांत त्या नाहींशा झाल्या, कांहीं तासांनीं परत दिसल्या, आणि आनुवंशिक द्रव्याची नक्कल होण्याचा काळ आला तेव्हां कायमच्या गेल्या. दुसरा निबंध कॉनली रायडर व त्यांच्या सहकाऱ्यांचा. ऑस्ट्रेलियांतील एका लहान शिशुधान प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत त्यांनीं पाहिलें कीं, पक्ष्माभिका विभाजनाच्या आरंभापर्यंत टिकून राहते व त्या वेळीं पेशी तिला आंत शोषून घेते. तंतु नेमका केव्हां जातो ह्यांत पेशीपेशींत फरक आहे. परंतु तर्कु बांधण्याचें काम रंगांत आलें असतां देवडीवर पहारा नसतो, ही गोष्ट दोन्हीं ठिकाणीं सारखीच ठरली.

ह्याचें कारण तारककेंद्राच्या हिशेबांत आहे. नवजात पेशीला दोन तारककेंद्रें मिळतात. एक जुनें, एक नवें. पक्ष्माभिका धारण करण्याची पात्रता फक्त जुन्याच्या अंगीं असते. आनुवंशिक द्रव्याची नक्कल होते त्याच सुमारास प्रत्येक तारककेंद्राशेजारीं एकेक नवें तारककेंद्र उगवतें. दोनाचे चार झाले म्हणजे दोन जोड्या दोन ध्रुवांकडे जातात. जुनें तारककेंद्र पेशीच्या आवरणाला खिळलेलें राहील तर ध्रुवावर जाणार कसें? म्हणून तंतु आवरावा लागतो. झोपेच्या रोगाचे जंतु ट्रिपॅनोसोमा यांसारखे कांहीं एकपेशी जीव कशाभिका न सोडतां विभागतात. पण त्यांच्यांत मूलकणाला तर्कूच्या टोकाशीं जाऊन बसण्याचें काम नसतें. मनुष्याच्या पेशींतहि रक्तांतील पेशी व यकृताच्या मुख्य पेशी यांसारख्या कांहींवर हा तंतु सहसा नसतो.

१९७९ चे निबंध छापले गेले, वाचले गेले आणि पुन्हां विस्मृतींत गेले. तंतु विभाजनापूर्वीं जातो हें खरें; पण तो निरुपयोगी असेल तर त्याचें जाणें तरी महत्त्वाचें कसें? ह्या प्रश्नाचें उत्तर मनुष्याच्या अभ्यासांतून न येतां तळ्यांतल्या शैवालांतून आलें. क्लॅमिडोमोनास नांवाचें एकपेशी हिरवें शैवाल दोन कशाभिकांनीं पोहतें आणि प्रत्येक विभाजनापूर्वीं त्या आंत घेतें. १९९३ सालीं येल विद्यापीठांत जोएल रोझेनबाउम यांच्या प्रयोगशाळेंत कोझमिन्स्की यांना ह्या कशाभिकांच्या आंत कांहीं कण मुळाकडून टोकाकडे व टोकाकडून मुळाकडे सतत धांवतांना दिसले. तंतु उभारण्यास लागणारा माल ह्या वाहतुकीनें जातो. २००० सालीं पाझूर व त्यांचे सहकारी यांना आढळलें कीं, ह्या वाहतुकीच्या एका प्रथिनाचें जनुक आणि एका रोगी उंदराच्या वंशांत बिघडलेलें जनुक हें एकच आहे. त्या उंदरांच्या मूत्रपिंडांत पाण्याचे फुगे होत. त्यांच्या मूत्रनलिका तपासल्या, तेव्हां पेशींवरील प्राथमिक पक्ष्माभिका आंखूड राहिलेल्या दिसल्या. झिमरमान यांनीं १८९८ सालीं ज्या ठिकाणीं तंतु पाहिला होता, तेंच हें ठिकाण.

बहुपुटी मूत्रपिंडाचा रोग मनुष्यांत आईबापांकडून मुलांकडे येतो. नलिकांच्या पेशी अवाजवी वाढतात, द्रवानें भरलेले फुगे तयार होतात, आणि कित्येक रोग्यांची मूत्रपिंडें प्रौढ वयांत निकामी होतात. ह्या रोगाचीं दोन मुख्य जनुकें १९९४ व १९९६ सालीं हातीं आलीं होतीं. पण तीं जीं प्रथिनें बनवितात त्यांचें काम कोठें चालतें हें कळत नव्हतें. १९९९ सालीं मॉरीन बार व पॉल स्टर्नबर्ग यांना एका सूक्ष्म कृमींत त्याच जातीचें प्रथिन पक्ष्माभिका असलेल्या चेतापेशींत सांपडलें. पुढें मूत्रपिंडाच्या पेशींतहि त्यांचें स्थान तेंच ठरलें. २००३ सालीं कॅथरिन अँडरसन यांच्या प्रयोगशाळेनें आणखी एक धक्का दिला. गर्भाच्या अवयवांची मांडणी ठरविणारा हेजहॉग नांवाचा एक महत्त्वाचा रासायनिक निरोप उंदरांत पक्ष्माभिकेवांचून पेशींत पोंचत नाहीं, असें तिनें दाखविलें. ज्याला अवशेष म्हणून बाजूला सारलें होतें, तो पेशीचा कान निघाला.

मग विभाजनाचा जुना प्रश्न नव्या जोमानें पुढें आला. तंतु आवरण्याची आज्ञा कोण देतें? २००४ सालीं पान व स्नेल यांना क्लॅमिडोमोनासमध्यें ह्या कामीं ऑरोरा जातीचें एक एंझाइम आढळलें. २००७ सालीं फिलाडेल्फिया येथें एरिका गोलेमिस यांच्या प्रयोगशाळेंत पुगाचेवा यांनीं मनुष्याच्या पेशींत तोच धागा शोधला. ऑरोरा-ए हें एंझाइम जागें झालें कीं दुसऱ्या एका एंझाइमाच्या हातून तंतूंतील सूक्ष्मनलिकांचें स्थैर्य काढून घेतें व तंतु ढासळतो. विशेष हें कीं, ऑरोरा-ए ची ख्याति तोंपर्यंत विभाजनाचा कारभारी म्हणूनच होती, आणि अनेक कर्करोगांत त्याचें प्रमाण वाढलेलें असतें. देवडी रिकामी करणारा आणि वांटणी चालविणारा अधिकारी एकच आहे, असा ह्याचा अर्थ झाला. तंतु प्रत्येक वेळीं आंतच घेतला जातो असेंहि नाहीं. २०१७ व २०१९ सालच्या संशोधनांत त्याचें टोंक किंवा तो सबंध तुटून बाहेर पडतो असेंहि दिसून आलें.

तंतु असेपर्यंत पेशीला विभागतां येत नाहीं, म्हणजे तो विभाजनाला घातलेला खोडा आहे काय? २०११ सालीं ह्या दिशेनें दोन निबंध निघाले. त्यांपैकीं एकांत एनडीई-१ हें प्रथिन काढून घेतल्यावर पक्ष्माभिका लांब झाल्या आणि पेशींना विभाजनाच्या मार्गाला लागण्यास उशीर झाला. तंतूच होऊं दिला नाहीं तेव्हां तो उशीरहि राहिला नाहीं. २०१६ सालीं कलोन येथील संशोधकांनीं मेंदूची वाढ अत्यंत खुंटलेल्या एका आनुवंशिक रोगांतील पेशी घेऊन प्रयोग केले. त्यांत तंतु वेळेवर आवरला जात नव्हता. म्हणून मेंदूच्या जनकपेशी पुरेशा वेळा विभागण्याऐवजीं अकालींच चेतापेशी बनत होत्या. इतक्या क्षुद्र तंतूच्या जाण्यायेण्याच्या वेळेवर मेंदूचा आकार अवलंबून असावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तथापि खोड्याची उपमा सर्वत्र लागू पडत नाहीं. २००९ सालीं दोन प्रयोगशाळांनीं त्वचेच्या व मेंदूच्या कांहीं अर्बुदांचा अभ्यास केला. एका प्रकारचा बिघाड असतां पक्ष्माभिका काढल्यानें अर्बुद थांबलें. दुसऱ्या प्रकारचा असतां उलट वाढलें. मूत्रपिंडांतहि तसेंच. २०१३ सालीं स्टीफन सोम्लो यांच्या येल येथील प्रयोगशाळेनें दाखविलें कीं, रोगाचें जनुक बिघडलेल्या उंदरांत पक्ष्माभिका शाबूत असल्या तर फुगे झपाट्यानें वाढतात आणि त्या काढून टाकल्या तर वाढ मंदावते. म्हणजे तंतु हा नुसता अडसर नसून निरोप वाहणारा आहे. निरोप वाढीचा असेल तर वाढ, आणि थांबण्याचा असेल तर थांबणें. औषधाचा शोध घेणाऱ्यांना म्हणून तंतूचें असणें नसणें पाहून भागत नाहीं. त्यांतून काय बोललें जातें हें ऐकावें लागतें.

विभाजनानंतरच्या घडामोडींतहि एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. दोन कन्यापेशी दिसण्यांत सारख्या असल्या तरी सर्वांत जुनें तारककेंद्र एकीच्याच वांट्याला येतें. २००९ सालीं टिम स्टर्न्स यांच्या स्टॅनफर्ड येथील प्रयोगशाळेंत आढळलें कीं, ज्या कन्येला तें मिळतें तिच्यावर पक्ष्माभिका आधीं उगवते. २०१३ सालीं ड्रेस्डेन येथें पारिदान व हुटनर यांनीं उंदराच्या गर्भाच्या मेंदूंत पाहिलें कीं, जुन्या तंतूच्या आवरणाचा एक तुकडा पुष्कळदां त्या तारककेंद्राला चिकटूनच विभाजनांतून पार होतो. आणि तो घेऊन जाणारी कन्या जनकपेशी म्हणूनच राहण्याकडे कल दाखविते. वांटणी समान झाली असें वाटलें तरी घरची जुनी किल्ली एकाच भावाकडे जाते, तसेंच हें.

आतां राहिला बोव्हेरी यांचा सिद्धान्त. २००६ सालीं केंब्रिज येथें रेनाता बास्तो व जॉर्डन रॅफ यांनीं असा फळमाशीचा वंश तयार केला कीं ज्यांत वाढत्या पेशींत तारककेंद्रें उरत नाहींत. विभाजनाचें इंद्रियच गेलें तर माशी जन्मालाच येऊं नये. पण ती आली, आणि जवळजवळ ठरल्या वेळेला पूर्ण वाढलेली आली. मात्र तिला तोल सांवरेना, अंगाचा मेळ बसेना, आणि ती लवकरच मेली. कारण तिच्या संवेदी चेतापेशींना पक्ष्माभिका नव्हत्या. वड व गहूं जें शंभर वर्षें सांगत होते तेंच ह्या माशीनें सांगितलें. सस्तन प्राण्यांत गोष्ट इतकी सरळ नाहीं. २०१४ सालीं बाझ्झी व अँडरसन यांनीं दाखविलें कीं, तारककेंद्रें नसलेला उंदराचा गर्भ अर्ध्या वाटेंतच मरतो. त्यांत विभाजनाला विलंब लागतो आणि पेशी स्वतःच आपला अंत करून घेतात. परंतु तारककेंद्राचा मूळ धर्म कोणता, असा प्रश्न केला तर आज बहुतेक अभ्यासक पक्ष्माभिकेकडे बोट दाखवितात. विभाजनाच्या वेळीं दोन ध्रुवांवर बसल्यानें तारककेंद्रें दोन्हीं कन्यांना निश्चित मिळतात, आणि प्रत्येकीला आपला तंतु उभारतां येतो, हाहि त्या बैठकीचा एक हेतु असावा.

बोव्हेरी १९१५ सालीं वारले. कर्करोगाचा उगम पेशीविभाजनाच्या बिघाडांत असावा हा त्यांचा विचार १९१४ सालीं प्रसिद्ध झाला होता, आणि तो पुढें मोठ्या प्रमाणांत खरा ठरला. त्यांच्यासारख्या समर्थ निरीक्षकाचें लक्ष तर्कूवर खिळलें होतें. देवडीवरचा माणूस झिमरमान यांनीं पाहिला होता, पण त्याची साक्ष नोंदविण्यास कोणी पुढें आलें नाहीं. १८९८ च्या निबंधांतील निरीक्षण व तर्क मिळून आज ज्यावर शेंकडों प्रयोगशाळा काम करीत आहेत तें सूत्र तेव्हांच लिहिलें गेलें होतें. मध्यंतरींच्या शंभर वर्षांत तंतु बदलला नाहीं. प्रत्येक मूत्रनलिकेंत तो तसाच उभा होता, आणि प्रत्येक विभाजनापूर्वीं तसाच आंत जात होता. ज्या घरांत हा रोग पिढ्यान् पिढ्या चालत आला, त्यांना त्या शंभर वर्षांचा हिशेब कोणी देऊं शकत नाहीं. यापुढें कोणत्याहि अवयवाला निरुपयोगी म्हणण्यापूर्वीं अभ्यासकांनीं दोन क्षण थांबावें, एवढी एक शिकवण मात्र ह्या इतिहासांतून निश्चित घेतां येते.